पाच औषधं, एक प्लासेबो, २३ चाचण्या: आर्मची सरळ बेरीज, बुखर, की पूर्ण नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस?

विदा_वाचक

एकाच आजारावरची पाच औषधं (क, ख, ग, घ, ट) आणि प्लासेबो यांची तुलना करायची आहे. परिणाम हो-नाही प्रकारचा आहे: १२ आठवड्यांच्या आत आजार उलटला (परत आला) की नाही. म्हणजे ऑड्स रेशो (दोन गटांतल्या ऑड्सचा भागाकार; ऑड्स = उलटलेले ÷ न उलटलेले) १ च्या जितका खाली, तितकं औषध चांगलं. रँडमाइझ्ड चाचण्या २३ मिळाल्या:

क–प्लासेबो ७
ख–प्लासेबो ६
ग–प्लासेबो ४
घ–प्लासेबो १
क–ख २
क–ख–प्लासेबो अशा तीन आर्मच्या (आर्म म्हणजे चाचणीतला एक उपचार-गट) २
ख–ट १

तीन आर्मच्या दोन चाचण्या तूर्त बाजूला ठेवून जोडीजोडीने रँडम-इफेक्ट्स (चाचणीगणिक खरा परिणाम वेगळा असू शकतो असं धरून निकाल एकत्र करणारं) मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. क–प्लासेबो ०.७० (९५% अंतराल ०.५० ते ०.९८). ख–प्लासेबो ०.८५ (०.६५ ते १.११). क–ख थेट १.२० (०.७५ ते १.९२). क च्या चाचण्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ढोबळमानाने प्लासेबोवर ४०% आणि क वर ३२%. ख च्या चाचण्यांत प्लासेबोवर २२% आणि ख वर १९%.

अडलंय ते असं:

१. प्रत्येक औषधाचे सगळे आर्म एकत्र करून टक्केवारी काढली आणि तीच एकमेकांशी ताडली तर काय बिघडतं?
२. क प्लासेबोपेक्षा सिग्निफिकंट आहे (९५% अंतरालात १ येत नाही), ख नाही. यावरून क हे ख पेक्षा सरस म्हणता येईल का? थेट चाचण्या तर उलटं सांगताहेत.
३. तीन आर्मच्या चाचण्या शीटमध्ये कशा भरायच्या?
४. सुक्रा (उपचारांना ० ते १ गुण देणारं क्रमवारीचं माप) काढून क्रमवारी द्या असा आग्रह आहे. घ ची एकुलती एक चाचणी ४० रुग्णांची (घ ०/२०, प्लासेबो ३/२०), आणि सॉफ्टवेअर घ लाच पहिला नंबर देतंय.

लॉगऑड्स

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. क वर ३२%, ख वर १९%. ऑड्स ०.३२ ÷ ०.६८ = ०.४७ आणि ०.१९ ÷ ०.८१ = ०.२३. भागाकार २.०. म्हणजे आर्मच्या सरळ बेरजेनुसार क वर आजार उलटण्याचे ऑड्स ख च्या दुप्पट, थोडक्यात क टाकाऊ. पण क च्या चाचण्यांतले रुग्ण मुळातच जास्त उलटणारे होते. त्यांच्यातले प्लासेबोवरचे ४०% उलटले, ख कडचे २२%. रँडमायझेशनची हमी एका चाचणीच्या आतच चालते. आर्म चाचणीतून सुटा करून दुसऱ्या चाचणीतल्या आर्मशेजारी ठेवला की हातात निरीक्षणात्मक अभ्यास उरतो, आणि तोही कन्फाउंडर (निकालात गोंधळ घालणारे इतर घटक) न मोजलेला.

रीत अशी: फरक आधी प्रत्येक चाचणीच्या आत काढायचा, मग फरकातून फरक वजा करायचा. हीच बुखर आणि सहकाऱ्यांची १९९७ ची पद्धत. गणित लॉग ऑड्स रेशोवर, नैसर्गिक लॉग घेऊन. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता; त्याचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स) अंतरालावरून काढा: वरच्या टोकाचा लॉग वजा खालच्या टोकाचा लॉग, भागिले ३.९२.

क–प्लासेबो: लॉग −०.३५७, स्टँडर्ड एरर ०.१७२
ख–प्लासेबो: लॉग −०.१६३, स्टँडर्ड एरर ०.१३७
क–ख अप्रत्यक्ष: −०.३५७ + ०.१६३ = −०.१९४
व्हेरियन्स: ०.०२९५ + ०.०१८६ = ०.०४८१, स्टँडर्ड एरर ०.२१९

परत फिरवलं की ऑड्स रेशो ०.८२ (०.५४ ते १.२७). अंदाजांची वजाबाकी होते, व्हेरियन्सची मात्र बेरीजच. म्हणूनच अप्रत्यक्ष पुरावा इतका ढिला असतो: एका थेट चाचणीइतकी अचूकता मिळवायला त्याच आकाराच्या चार चाचण्या लागतात, प्रत्येक बाजूला दोन.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच अंतरालात आलं. १ त्यात आरामात बसतो. ‘हे सिग्निफिकंट, ते नाही’ यावरून दोघांतला फरक सिग्निफिकंट ठरत नाही. तो फरक स्वतंत्रपणे काढावा लागतो, आणि काढला की बहुतेकदा असाच निघतो.

आता थेट आणि अप्रत्यक्ष एकमेकांसमोर ठेवा. थेट लॉग ०.१८२, स्टँडर्ड एरर ०.२४०. दोघांतलं अंतर ०.३७७, त्याचा स्टँडर्ड एरर ०.३२५, झेड १.१६, पी सुमारे ०.२५. इथे बहुतेक पेपरांत ‘इनकन्सिस्टन्सी (थेट-अप्रत्यक्ष विसंगती) आढळली नाही’ असं लिहून पुढे जातात. तसं लिहू नका. दोन ऑड्स रेशोंचं गुणोत्तर १.४६ आहे आणि त्याचं अंतराल ०.७७ ते २.७६. दोन्ही पुराव्यांत अडीच पटींची तफावत आहे असं कोणी म्हटलं तरी हे आकडे ते खोडू शकत नाहीत. कसोटीची ताकदच तोकडी आहे.

दोन्ही एकत्र केले तर ०.९८ (०.७१ ते १.३४) येतं, वजन थेटला ४५%, अप्रत्यक्षला ५५%. दोन्ही मूळ अंतरालांपेक्षा अरुंद, आणि बघायला कसं अगदी शांत! पण एक बाजू ०.८२ म्हणते, दुसरी १.२०. ०.९८ ही त्यांची सरासरी आहे, एकमत नाही. ती छापण्याआधी त्या दोन क–ख चाचण्यांत वेगळं काय होतं ते शोधा. डोस, रुग्णांची तीव्रता, सोबतची औषधं, याच क्रमाने.

तिसरी_आर्म

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तीन आर्मच्या चाचणीतून तीन जोड्या निघतात, पण स्वतंत्र माहिती दोनच जोड्यांची असते. तिसरी त्या दोघींतून आपोआप येते. तीन ओळी तीन वेगळ्या चाचण्या समजून भरल्या तर प्लासेबोचे तेच रुग्ण दोनदा मोजले जातात.

किती फरक पडतो ते पाहा. समजा प्रत्येक आर्ममध्ये १००, प्लासेबोवर ३० उलटले, क वर २४. प्लासेबो आर्मच्या लॉग ऑड्सचा व्हेरियन्स १/३० + १/७० = ०.०४८. क आर्मचा १/२४ + १/७६ = ०.०५५. क–प्लासेबो फरकाचा व्हेरियन्स ०.१०२. ख वर साधारण तितकेच उलटले असतील तर क–प्लासेबो आणि ख–प्लासेबो यांच्यातला कोव्हेरियन्स (दोन अंदाज सोबत हलण्याचं माप) म्हणजे बरोबर तो सामायिक ०.०४८, आणि कोरिलेशन ०.४६. हे शून्य धरलं की अंतराल खोटे पडतात.

प्लासेबो आर्म निम्मा-निम्मा वाटून दोन चाचण्या बनवण्याची जुनी युक्ती इथे वापरू नका. जोडीच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ती कशीबशी खपते, पण नेटवर्कमध्ये (सगळ्या उपचारांच्या सगळ्या जोड्या एकाच मॉडेलमध्ये जोडणाऱ्या विश्लेषणात) तिच्यापायी त्या चाचणीतला क–ख हा थेट फरक निकामी होतो. तुमच्याकडे थेट पुरावा आधीच थोडा आहे.

आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर विदा (डेटा) आर्मनिहाय भरा: एका ओळीत एक आर्म, चाचणीचं नाव, उपचार, घटना, एकूण रुग्ण. नेटमेटा पॅकेजसोबत चालणारं पेअरवाइज फंक्शन त्यातून जोड्या बनवतं आणि तीन आर्मच्या चाचणीच्या तिन्ही ओळी एकाच नावाखाली ठेवतं. हाताने जोड्या भरल्या आणि तीनपैकी एक ओळ राहिली तर नेटमेटा एरर देऊन थांबतं, ते बरंच. धोका वेगळा आहे: तिन्ही ओळींत चाचणीचं नाव थोडंथोडं वेगळं पडलं (वर्षाआधी स्पेस वगैरे), तर त्या मुकाट्याने तीन निराळ्या चाचण्या धरल्या जातात.

क्रम असा ठेवा: पेअरवाइज, मग नेटकनेक्शन (नेटवर्क जोडलेलं आहे का, तुकडे किती), मग नेटग्राफ (नेटवर्कचं चित्र), त्यानंतरच नेटमेटा. नेटकनेक्शनला अनपेक्षित तुकडा किंवा जास्तीचा नोड (नेटवर्कातला एक उपचार) दिसला तर शंभरातले नव्वद वेळा उपचाराचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. त्यानंतर थेट-अप्रत्यक्ष वेगळं पाहायला नेटस्प्लिट, आणि डिझाइननुसार (चाचणीत कोणते उपचार होते त्यानुसार) क्यू या एकूण तफावतीच्या मापाचे भाग पाडायला डीकॉम्प-डिझाइन.

विदा भरताना ज्या चुका निकालच फिरवतात त्या:

काही चाचण्या ‘उलटले’ देतात, काही ‘टिकले’. एकीची दिशा फिरवायची राहिली तर ०.७० चे १.४३ होतात आणि तीच चाचणी पुढे हेटरोजिनिटीचं (चाचण्या-चाचण्यांतल्या तफावतीचं) खापर डोक्यावर घेते.

छेदात सुरुवातीला रँडमाइझ झालेले की शेवटपर्यंत टिकलेले? दोन्ही प्रकारच्या चाचण्या मिसळू नका. मधेच सोडून गेलेल्यांना सगळीकडे एकाच नियमाने मोजा, आणि नियम बदलून एकदा पुन्हा चालवून पाहा.

दुय्यम परिणाम सलग मोजमापाचे असतील (एखाद्या स्केलवरचा स्कोअर वगैरे), तर ± नंतरचा आकडा एसडी (प्रमाण विचलन) आहे की स्टँडर्ड एरर ते प्रत्येक टेबलाच्या तळटीपेत तपासा. १०० रुग्णांच्या आर्ममध्ये स्टँडर्ड एरर एसडीच्या एक दशांश असतो. तो एसडी म्हणून भरला की त्या चाचणीचं वजन शंभर पट. फॉरेस्ट प्लॉटवर (प्रत्येक चाचणीचा अंदाज आणि अंतराल दाखवणाऱ्या आलेखावर) एकच चाचणी सुईसारखी बारीक दिसली तर आधी हीच शंका घ्या.

पुराव्यापुरतं

वर गणित नीट आलंय, पण नेटवर्कचा आकार कोणी बोलून दाखवला नाही. सहा नोड म्हणजे १५ जोड्या. थेट चाचणी झालेल्या ६. उरलेल्या ९ जोड्यांचा आकडा पूर्णपणे अप्रत्यक्ष असणार, आणि लीग टेबलमध्ये (सगळ्या जोड्यांच्या तक्त्यात) तो थेट आकड्याइतकाच ठसठशीत छापला जाणार.

पूर्ण नेटवर्कात एकच लूप (बंद वर्तुळ) आहे: क–ख–प्लासेबो. ग आणि घ प्लासेबोला लटकलेले, ट ख ला लटकलेलं. त्यांच्यासाठी इनकन्सिस्टन्सीची कसोटी घेताच येत नाही, कारण दुसरी वाट नाही. नेटस्प्लिटच्या तक्त्यात अशा जोड्यांपुढे एक रकाना रिकामा येतो. तो रिकामा रकाना ‘सगळं ठीक’ म्हणून वाचू नका.

ग विरुद्ध ट घ्या. वाट ग ते प्लासेबो, प्लासेबो ते ख, ख ते ट. तीन टप्प्यांचे व्हेरियन्स जवळपास बेरजेने जमतात (मधल्या टप्प्याला क कडूनही थोडा आधार मिळतो). हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही: रूकरने २०१२ मध्ये दाखवलं की हे गणित विजेच्या सर्किटचंच आहे, व्हेरियन्स म्हणजे रोध. एकामागे एक जोडले की रोध वाढतो, समांतर जोडले की घटतो. आणि ग–ट च्या वाटेवरचा शेवटचा रोध एकाच चाचणीचा आहे.

जिथे कसोटी नाही तिथे सगळा भार ट्रान्झिटिव्हिटीवर (चाचण्या एकमेकींना जोडण्याइतक्या सारख्या असण्यावर), आणि ती आकडेमोडीने सिद्ध होत नाही. चाचण्या वाचूनच ठरवावी लागते. एक प्रश्न विचारत राहायचं: या २३ पैकी कुठल्याही चाचणीतला रुग्ण सहापैकी कुठल्याही आर्ममध्ये रँडमाइझ होऊ शकला असता का? ख–ट ची चाचणी आधीची औषधं निकामी ठरलेल्यांवर असेल आणि ग च्या चाचण्या नव्याने निदान झालेल्यांवर, तर उत्तर नाही. मग ती साखळी तोडा, मॉडेलने जोडून देऊ नका.

यासाठी विश्लेषणाआधी एक तक्ता करा. ओळी जोड्यांच्या, रकाने असे: डोस, सरासरी वय, सुरुवातीची तीव्रता, आधी किती उपचार झाले, किती आठवडे, सोबत काय चालू होतं, चाचणीचं वर्ष, प्लासेबो गोळी की इंजेक्शन, प्लासेबोवर उलटण्याचं प्रमाण. इंजेक्शनचा प्लासेबो आणि गोळीचा प्लासेबो एकाच नोडमध्ये घालावा का, हा प्रश्न वेदनेसारख्या व्यक्तिनिष्ठ परिणामांत फारच खरा असतो.

तुमचे ४०% आणि २२% हे या तक्त्यातलं सगळ्यात बोलकं अंतर. पण नीट लक्षात घ्या: रुग्ण जास्त उलटणारे होते एवढ्याने अप्रत्यक्ष तुलना बिघडत नाही. मूळ जोखमीनुसार ऑड्स रेशोच बदलत असेल तर बिघडते. ते तपासायला लॉग ऑड्स रेशोची प्लासेबोच्या प्रमाणावर सरळ रिग्रेशन करू नका. प्लासेबो आर्म दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे त्या आर्ममधली योगायोगाची चढउतारही खोटा संबंध दाखवते. मूळ जोखमीला तिची स्वतःची अनिश्चितता देणारं बेजियन मॉडेल (आधीच्या गृहीतकाला, म्हणजे प्रायरला, विद्याची जोड देणारं) लागतं. आणि २३ चाचण्यांत एकच कोव्हेरिएट, सगळ्या औषधांना सामायिक गुणांक ठेवून. त्यापलीकडे झेपणार नाही. सामायिक गुणांकात औषध-प्लासेबो अंदाज हलतात, पण एका ठरावीक जोखमीच्या पातळीवर क–ख फरकातून तो गुणांक कटून जातो, हेही आधीच माहीत असू द्या.

विदा_वाचक

तक्ता केला, आणि सापडलं. दोन्ही क–ख चाचण्यांत ख चा डोस प्लासेबो-चाचण्यांतल्या डोसच्या दुप्पट आहे. तीन आर्मच्या दोन्ही चाचण्यांत ख कमी डोसचं. ख–ट मध्ये पुन्हा दुप्पट. नोड फोडून ‘ख-कमी’ आणि ‘ख-जास्त’ करू का? की हे निकाल पाहून केलेलं सोयीचं विभाजन ठरेल?

पुराव्यापुरतं

निकाल पाहून केलेलं आहे, तेव्हा तसंच लिहा: आधी ठरवलेलं विश्लेषण आणि नंतर केलेलं, दोन्ही छापा. पण फोडा. दुप्पट डोस एकाच नोडमध्ये ठेवण्याला औषधशास्त्रीय आधार नसेल तर फोडणंच रास्त.

फोडल्याने काय होतं ते बघा. क–ख-जास्त ही जोडी आता कुठल्याच लूपमध्ये नाही. ट ची साखळी अशी: प्लासेबो, क, ख-जास्त, ट. तीन टप्पे. ट–प्लासेबोचं अंतराल रुंदावेल, आणि ते बरोबरच आहे. आधीचं अरुंद अंतराल दोन डोस एकच मानल्यामुळे फुकटात मिळालं होतं.

क–ख-कमी–प्लासेबो हा त्रिकोण उरतो, पण त्याची तिसरी बाजू फक्त तीन आर्मच्या चाचण्यांतून येते. अशी चाचणी स्वतःच्या आत नेहमीच सुसंगत असते. तिच्यात क–प्लासेबो वजा ख–प्लासेबो म्हणजे क–ख, याला पर्यायच नाही. इथे तपासता येतं ते डिझाइनमधलं अंतर: तीन आर्मच्या चाचण्यांतला क–ख-कमी फरक आणि दोन आर्मच्या १३ चाचण्यांतून आलेला अप्रत्यक्ष फरक जुळतात का. डिझाइन-बाय-ट्रीटमेंट इंटरॅक्शन म्हणतात ते हेच.

पहिल्या विश्लेषणातला ०.८२ आता क विरुद्ध ख-कमी असा वाचा, आणि १.२० क विरुद्ध ख-जास्त असा. भांडण उरलंच नाही, दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं निघाली. अर्थात दोन्ही अंतराल १ ओलांडतात, तेव्हा ‘जास्त डोस क पेक्षा सरस’ असा मथळा करू नका.

लॉगऑड्स

घ कडे वळतो, कारण क्रमवारी मागणाऱ्यांना हेच दाखवायला हवं.

घ ०/२०, प्लासेबो ३/२०. शून्यामुळे लॉग निघत नाही, म्हणून सॉफ्टवेअर चारही खणांत ०.५ मिळवतं. ऑड्स रेशो (०.५ ÷ २०.५) ÷ (३.५ ÷ १७.५) = ०.१२, अंतराल ०.००६ ते २.५३. एवढ्या रुंद अंतरालातून कोणी काही निष्कर्ष काढणार नाही. पण क्रमवारी काढते. घ हे क पेक्षा चांगलं असण्याची शक्यता: लॉगमधलं अंतर −१.७५, स्टँडर्ड एरर १.५६, झेड −१.१२, म्हणजे ०.८७. प्लासेबोविरुद्ध ०.९१. पी-स्कोअर म्हणजे अशा सगळ्या शक्यतांची सरासरी, तेव्हा घ चा पी-स्कोअर ०.९ च्या आसपास आणि नंबर पहिला.

आता घ वर शून्याऐवजी दोघांचा आजार उलटला असता असं धरा. २/२०: ऑड्स रेशो ०.६३, क पेक्षा सरस असण्याची शक्यता ०.५४. दोन रुग्णांनी पहिला नंबर नाणेफेकीवर आला. क च्या सात चाचण्यांत दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले तर काही हलणारही नाही.

‘पहिला येण्याची शक्यता’ फसवी म्हणून २०११ मध्ये सलान्ती आणि सहकाऱ्यांनी सुक्रा सुचवलं, ते सगळ्या क्रमांकांचा हिशोब धरतं. पी-स्कोअर त्याचाच फ्रिक्वेंटिस्ट (प्रायर न वापरणारा) भाऊ. घ सारख्या उदाहरणात मात्र दोघंही वाचवत नाहीत. सुक्रा द्यायचंच असेल तर सरासरी क्रमांक आणि त्याचं अंतराल शेजारी द्या. घ चं अंतराल पहिल्यापासून जवळजवळ शेवटच्या क्रमांकापर्यंत पसरेल, आणि पाहणाऱ्याला लगेच कळेल.

०.५ टाळायचे असतील तर: मँटेल-हेन्झेल पद्धतीत घ चा अंदाजच निघत नाही, कारण घ वर कुठेच एकही घटना नाही. बायनोमियल लाइकलिहूड (थेट घटनांच्या मोजणीवर आधारलेलं गणित) वापरून बेजियन मॉडेल चालवलं आणि प्रायर अगदी सैल ठेवला तर घ चा लॉग ऑड्स रेशो उणे अनंताकडे घसरत जातो. ट्रेस प्लॉटवर ती लांब शेपटी स्पष्ट दिसते. पिनलाइझ्ड लाइकलिहूड (टोकाच्या अंदाजांना आवर घालणारं) हा मधला मार्ग. माझं मत: घ मुख्य तक्त्यात ठेवा, क्रमवारीतून काढा, आणि का काढलं ते एका ओळीत लिहा.

पुराव्यापुरतं

क्रमवारी द्यायचीच कशाला, हा माझा प्रश्न. पण मागणी पुरवायची असेल तर तिच्यासोबत प्रत्येक जोडीची खात्री द्या. सिनेमा ही चौकट त्यासाठीच आहे. ती सहा गोष्टी तपासते: चाचण्यांतला बायस, रिपोर्टिंग बायस, अप्रत्यक्षता, अंतरालाची रुंदी, हेटरोजिनिटी, आणि थेट-अप्रत्यक्ष विसंगती. एखाद्या जोडीच्या आकड्यात कुठल्या चाचण्यांचा किती टक्के वाटा आहे ते ती काँट्रिब्युशन मॅट्रिक्समधून घेते. ट च्या सगळ्या जोड्यांत त्या एका चाचणीशिवाय पान हलत नाही, हे तिथे उघड होईल.

२०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं नैराश्यविरोधी औषधांचं नेटवर्क आठवा: २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. इतका विदा असूनही त्या लेखकांनी पुराव्याची खात्री मध्यम ते अतिशय कमी अशीच नोंदवली. तुमच्याकडे २३ चाचण्या आहेत.

तिसरी_आर्म

बेजियन करणार असाल तर नेमके आकडे देऊन ठेवतो.

डेटा पॉइंट म्हणजे आर्म. २१ × २ + २ × ३ = ४८. मॉडेल नीट बसलं तर एकूण रेसिड्युअल डेव्हियन्स (मॉडेल आणि विदा यांतलं अंतर) ४८ च्या जवळपास यावा. ७० आला तर चाचणीनिहाय डेव्हियन्स पाहा. बहुतेकदा एक-दोन चाचण्याच फुगलेल्या असतात आणि त्यांत विदा भरताना झालेली चूक निघते. फिक्स्ड की रँडम, कन्सिस्टन्सी की अनरिलेटेड मीन इफेक्ट्स (थेट-अप्रत्यक्ष सुसंगतीची अट न घालणारं मॉडेल), हे डीआयसीने (मॉडेल किती बसतं आणि किती गुंतागुंतीचं आहे यांचा तोल मोजणाऱ्या आकड्याने) ताडा. ३ ते ५ पेक्षा कमी फरकाला किंमत देऊ नका, तेव्हा साधं मॉडेल ठेवा.

हेटरोजिनिटीच्या टाऊला (चाचण्यांच्या खऱ्या परिणामांचा एसडी) शून्य ते ५ असा एकसमान प्रायर अजून सर्रास दिसतो. लॉग ऑड्सवर टाऊ १ म्हणजे चाचण्यांचे खरे ऑड्स रेशो सरासरीच्या सातेक पट वर आणि सातेक पट खाली पसरलेले. ५ तर अशक्यच. हाफ-नॉर्मल, स्केल ०.५, पुरेसा सैल आहे. टाऊ सगळ्या जोड्यांना सामायिक असतो, त्यामुळे घ–प्लासेबो आणि ख–ट या एकेका चाचणीच्या जोड्यांनाही तो बाकीच्यांकडून उसना मिळतो. त्यांचं रँडम-इफेक्ट्स अंतराल मूळ चाचणीपेक्षा रुंद येईल. ते पाहून घाबरू नका, तसंच यायला हवं.

तीन आर्मच्या चाचणीत रँडम इफेक्ट्समधलं कोरिलेशन ०.५ धरायचं असतं, सामायिक टाऊमुळे. जेमटीसी आणि मल्टीएनएमए ही आर पॅकेजेस हे स्वतः करतात. कोड हाताने लिहीत असाल तर हा भाग विसरला जातो आणि मॉडेल काही तक्रार न करता चालतं.

विदा_वाचक

नोड फोडून चालवलं. आकडे इथे टाकत नाही, पण ट–प्लासेबोचं अंतराल खरंच खूप रुंदावलं. एक शेवटचं: ग च्या चारपैकी दोन चाचण्यांत १२ आठवड्यांचा आकडा नाही, थेट २४ चा आहे. तो तसाच घेऊ?

लॉगऑड्स

तसाच नको. आधी कॅप्लान-मायर आलेख (काळानुसार न उलटलेल्यांचं प्रमाण दाखवणारा) दिलाय का बघा. असेल तर १२ आठवड्यांवरचं प्रमाण त्यावरून वाचता येतं. पण घटनांची संख्या काढताना तोपर्यंत बाहेर पडलेल्यांचा हिशोब धरा. नाहीतर बायनोमियल लाइकलिहूड ठेवून लॉजिटऐवजी सी-लॉग-लॉग लिंक घ्या आणि प्रत्येक चाचणीचा कालावधी लॉगमध्ये ऑफसेट म्हणून द्या. मग अंदाज हॅझर्ड रेशोच्या (आजार उलटण्याच्या वेगांच्या भागाकाराच्या) भाषेत येतात आणि १२ आणि २४ आठवडे एकाच मॉडेलमध्ये बसतात. अट एवढीच की प्रत्येक आर्ममध्ये हॅझर्ड काळानुसार स्थिर असावा. आजार पहिल्या महिन्यातच उलटून नंतर रेषा सपाट होत असेल तर ही अट मोडते. तसं असेल तर त्या दोन चाचण्या मुख्य विश्लेषणाबाहेर ठेवा आणि सेन्सिटिव्हिटी विश्लेषणात (गृहीतक बदलून केलेल्या तपासणीत) घ्या. आणि हो, ०.७०, ०.८५ हे ऑड्स रेशो या हॅझर्ड रेशोंशेजारी एकाच तक्त्यात मांडू नका; ४०% सारख्या प्रमाणात दोघांत चांगलाच फरक पडतो.